खिडकी क्रमांक चार

परळच्या इस्पितळात, तळमजल्यावर, मी मेंदू कापतो.
म्हणजे सर्जन कापतात ते नव्हे.
त्यांनी काढून पाठवलेला तुकडा मेणात बसवतो
आणि त्याचे काप पाडतो, केसाहून कितीतरी पातळ.
कोमट पाण्यावर ते पसरतात,
मी काचेवर अलगद उचलून घेतो.
बावीस वर्षं. दोनच रंग: जांभळा, गुलाबी.
माणूस चेंबूरचा असो की मलबार हिलचा, हेच दोन.

मंगळवारी खिडकीवर एक बाई आली.
डोक्याला रुमाल, कानाच्या वर टाक्यांची रेघ.
धर्मी वैती, राहणार खारदांडा.
रिपोर्ट घेतला, घडी करून पिशवीत टाकला
आणि जागची हलली नाही.

"भाऊ, माजा राग इकडं आलाय का?"

मला वाटलं, कुणाचं तरी आडनाव असेल.

मग तिनं सांगितलं.
जावेनं, पदूनं, बोंबील सुकवायच्या वलांडीचा बांबू
चार हात हिच्या जागेत सरकवला, त्याला अकरा वर्षं झाली.
"सकाळी आधी राग उठायचा, मग मी.
आता ताप गेला, जिभेला चव आली,
बर्फ किती, वाटा किती, सगळा हिशेब परत आला.
राग तेवढा आला नाय.
पदू दारावरनं चालली होती, मी चहाला हाक मारली.
ती घाबरली, भाऊ.
गाववाले बोलतात, धर्मीनं माफ केलं.
मी कायच नाय केलं. तुमी काढलात."

आमच्याकडे एक शिकाऊ डॉक्टर आहे, इरावती केंकरे.
डबा खाताना एकदा म्हणाली होती:
पेशी पेटतात म्हणून राग येतो, असं नाही हो काका.
ते पेटणं हाच राग.
चिंबोरी आणि खेकडा, नावं दोन, जीव एकच.
तेव्हा मला ते पटलं होतं. माझा डबाही चांगला होता.

नियमात बसत नाही, तरी बाईला आत घेतलं.
तिची काच लावली, भिंग सरकवलं.
एक डोळा मिटून ती बराच वेळ बघत राहिली,
पापलेटाचे कल्ले तपासावेत तशी.

"ह्यात पदू कुठंय?"

नव्हती. बांबू नव्हता, चार हात नव्हते.
जांभळे ठिपके होते, वाजवीपेक्षा जास्त दाटीनं,
आणि त्या दाटीला रिपोर्टात एक लांबलचक नाव होतं.
मी तिला एवढंच म्हणालो:
चिंबोरीच्या रिकाम्या कवटीत तिची तिरकी चाल सापडते का?
सापडत नाही.
म्हणून ती चाल दुसऱ्या कुणाची होती, असंही नाही.

तिनं मान हलवली. मासे ओळखणाऱ्या माणसाला
असलं काही पुन्हा सांगावं लागत नाही.
पण खुर्ची सोडली नाही.
"म्हंजे तो राग माजाच होता."
हो.
"आन गेला तो पण माजाच गेला."
हो.
"मंग माफ करायचं राहूनच गेलं की.
माफ करायला आदी राग हातात पायजे.
रिकाम्या पाटीचा लिलाव कसा करणार?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं,
केंकरे डॉक्टर रजेवर होत्या.

जाताना विचारलंन, तुकडा परत मिळंल का.
मिळत नाही. मेणातला ठोकळा खणात राहतो,
नंबर घालून, वर्षानुवर्षं.
"बरं. ऱ्हाऊ दे," म्हणाली. "खण बंद ठेवा."

त्या रात्री घरी, कशावरून आठवत नाही,
मी धाकट्या भावाला फोनवर नको ते बोललो.
फोन ठेवल्यावर कानाच्या वर,
तिची टाक्यांची रेघ होती त्याच जागी, बोटं टेकवली.
गरम लागलं.
की मला नुसतं तसं वाटलं?
आणि वाटलं, ते तरी
बोटाखाली नाही तर कुठे?